मलावीत डॉलर नेमका कुणाला मिळतो?

लिंबेकर (धागाकर्ता)

मंडळी, आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर शहराला चिकटून लिंबे नावाची पेठ आहे. तिथल्या एका डाळ गिरणीत मी चार वर्षं खरेदी बघतो. मूळचा लातूरचा, त्यामुळे तूर, बारदान, काटा, ओलावा हे सगळं अंगवळणी पडलेलं. इथे तुरीला 'नांदोलो' म्हणतात, एवढाच फरक. नवीन शिकावी लागली ती एकच गोष्ट, डॉलर.

परवा धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, तिकडे एवढी महागाई का रे?" पाऊण तास समजावलं, त्याला काही पटलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

इथलं चलन क्वाचा. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ 'उजाडलं'. त्याचा शंभरावा भाग म्हणजे तांबाला, म्हणजे कोंबडा. १९७१ साली हे नाव ठेवताना लोक हौसेत असणार. आता कोंबडा व्यवहारातून कधीच गेलाय, हजाराच्या नोटांची गड्डी घेऊन भाजीला जावं लागतं.

२०२५ मध्ये सरकारी दराने एक डॉलर साधारण १,७५० क्वाचाला. हा दर बँकेत फळ्यावर लिहिलेला असतो, पण त्या दराने डॉलर मागायला गेलात तर काउंटरवरचा माणूस फॉर्म देतो आणि "कळवू" म्हणतो. रस्त्यावरचा दर २०२५ मध्ये चार हजारांच्या वर गेला होता. म्हणजे ज्याला बँकेतून सरकारी दराने डॉलर मिळतो त्याला निम्म्याहून जास्त सूट. मग कोण रांगेत पुढे आणि कोण मागे, हाच या देशाचा खरा अर्थसंकल्प आहे, असं माझं चार वर्षांनंतरचं मत झालंय.

समजा मी एक टन तूर ७०० डॉलरला विकली. सरकारी दराने सव्वाबारा लाख क्वाचा होतात, रस्त्याच्या दराने अठ्ठावीस लाख. आता सांगा, कुठला निर्यातदार सगळे डॉलर प्रामाणिकपणे देशात आणेल? बिल कमी दाखवायचं, बाकीचे बाहेरच ठेवायचे. सरकारने आणलेल्या डॉलरचा काही हिस्सा सक्तीने विकायला लावला, तर आणणारे आणखी कमी झाले. मधल्या मध्ये सीमेवरच्या मुलोझा नाक्याजवळच्या पायवाटांनी सायकलवरून तूर मोझांबिकमध्ये जाते आणि तिकडची म्हणून जहाजात चढते.

बाकी प्रतिसादांत लिहितो. वीज जायची वेळ झाली.

तळेगावचा_वाचक

छान सुरुवात. पण मला वाटतं तुम्ही उगाच गुंतागुंत करताय. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांचं उत्तर एका शब्दात आहे, भ्रष्टाचार. मलावीचं 'कॅशगेट' विसरलात का?

जुना_खोंड

खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

लिंबेकर

@तळेगावचा_वाचक, विसरतोय कसा. इथे लहान पोरालाही माहीत आहे. सप्टेंबर २०१३. सरकारी पैसे देण्याची संगणक प्रणाली होती, तिच्यातून न झालेल्या कामांची बिलं काढायची, पैसे उचलायचे आणि नोंद पुसून टाकायची. कनिष्ठ कारकुनांच्या गाडीत, घरात नोटांच्या थप्प्या सापडल्या. अर्थखात्यातल्या बजेट संचालकावर त्याच्या घराच्या फाटकापाशी गोळीबार झाला, तेव्हा प्रकरण चव्हाट्यावर आलं. सहा महिन्यांत तीन कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली.

पण मोठा फटका त्या तीन कोटींचा नव्हता. तेव्हा अंदाजपत्रकाचा जवळपास ४० टक्के भाग परदेशी मदतीवर चालायचा. देणाऱ्यांनी सरकारच्या तिजोरीत थेट पैसे टाकणं बंद केलं, आणि पूर्वीसारखं ते पुन्हा कधी सुरू झालंच नाही. खर्च मात्र तेवढाच राहिला. मग खड्डा भरायला देशातल्याच बँकांकडून कर्ज. आज जी व्याजाची धोंड गळ्यात आहे तिचा एक मोठा दोर तिथून सुटतो.

तेव्हा भ्रष्टाचार आहेच. पण 'भ्रष्टाचार' म्हणून फाईल बंद केली की पुढचं काही दिसत नाही.

आकडेमोड

धागाकर्त्यांशी बऱ्याच अंशी सहमत, थोडे आकडे जोडतो.

लोकसंख्या दोन कोटींच्या वर, दरवर्षी साधारण २.६ टक्क्यांनी वाढते. अर्थव्यवस्था २०२२ मध्ये एक टक्काही वाढली नाही, नंतरच्या दोन वर्षांतही दोन टक्क्यांच्या आतच. म्हणजे देश 'वाढतोय' आणि माणूस दरवर्षी थोडा गरीब होतोय. २०२४ मध्ये महागाई सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास. रिझर्व्ह बँक ऑफ मलावीचा मुख्य व्याजदर त्या वर्षी २६ टक्क्यांवर गेला.

२०२५-२६ चं अंदाजपत्रक (त्यांचंही वर्ष आता आपल्यासारखं एप्रिल ते मार्च आहे) खर्चाला सुमारे आठ लाख कोटी क्वाचा, जमेला साधारण साडेपाच लाख कोटी, त्यातही परदेशी अनुदान धरून. आणि व्याज दोन लाख कोटींच्या वर. मुद्दल नव्हे, नुसतं व्याज. जमेचा तिसरा हिस्सा ओलांडून जातंय. शाळा, दवाखाने, खत हे सगळं उरलेल्यात.

यातली मेख अशी की बहुतांश व्याज परदेशी सावकाराला जात नाही, देशातल्याच बँकांना, पेन्शन फंडांना जातं. सरकारी रोख्यावर २६ ते ३० टक्के बिनधोक मिळत असतील तर बँक एखाद्या गिरणीवाल्याला किंवा शेतकऱ्याला कर्ज देईल कशाला?

लिंबेकर

@आकडेमोड, अगदी. आम्ही हंगामात खेळत्या भांडवलासाठी बँकेत गेलो होतो. व्याजाचा दर ऐकून मालक म्हणाले, "त्यापेक्षा गिरणी विकून सरकारी रोखे घेऊ."

ते गमतीत म्हणाले असं मी सहा महिने समजत होतो.

निपाणकर

तूर ठीक आहे, पण मलावी म्हणजे आमच्यासाठी तंबाखू. बर्ली जातीच्या तंबाखूचं नाव काढलं की आमच्याकडे जुने व्यापारी मलावीचा दाखला द्यायचे. तिकडे अजून तंबाखूवरच चालतं का?

लिंबेकर

@निपाणकर, चालतं काय, श्वासच त्याच्यावर. निर्यातीतून येणाऱ्या डॉलरपैकी जवळपास निम्मे तंबाखूचे, कधी त्याहून जास्त. एप्रिलच्या आसपास लिलावाची केंद्रं उघडतात: लिलाँग्वेला कनेंगो, इकडे लिंबे, उत्तरेला म्झुझू. त्या तीन-चार महिन्यांत देशाला जरा हुशारी येते. पंपावर पेट्रोल दिसतं, औषधाच्या दुकानात माल दिसतो. पावसाळा लागला की पुन्हा ठणठणाट. २०२४ मध्ये तंबाखूचे चाळीस कोटी डॉलरच्या आत आले, २०२५ मध्ये चोपन्न कोटींपर्यंत गेले. वाढ मोठी आहे, पण देशाची आयात निर्यातीच्या जवळपास तिप्पट. पेट्रोल, खत, औषधं सगळं बाहेरून, आणि समुद्र नाही. मोझांबिकमधली बेइरा, नकाला किंवा टांझानियाची बंदरं. २०२४ च्या शेवटी मोझांबिकमध्ये निवडणुकीवरून दंगे झाले, तेव्हा आमचे कंटेनर रस्त्यातच अडकले होते. दुसऱ्याच्या अंगणातून वाट असली की त्याच्या घरातलं भांडणही आपलंच.

घेणाऱ्या कंपन्या मोजक्या. शेतकरी गाठोडी घेऊन येतो, प्रत ते ठरवतात, 'ही नको' म्हटलं की गाठोडं परत. तुम्हाला हे सांगायची गरज नाही.

निपाणकर

नाहीच. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आमच्या घरात अजून निघतं जेवताना. प्रत ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असला की काय होतं ते सीमाभागात वेगळं शिकवावं लागत नाही.

प्राची_म

मी २०२३ मध्ये आरोग्याच्या एका प्रकल्पावर झोम्बाला होते. आकडे वाचताना वाटलं, दोन गोष्टी राहताहेत.

जानेवारी २०२२ मध्ये आना वादळ आलं आणि शिरे नदीवरचा कपिचिरा वीज प्रकल्प फुटला. देशाच्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा एका रात्रीत गेला, परत यायला वर्षाहून जास्त लागलं. मग पटकीची साथ, १,७०० हून जास्त मृत्यू. ती चालू असतानाच मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ. ब्लँटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलासकट खाली आल्या. मृत आणि बेपत्ता मिळून हजाराच्या वर. नुकसान पन्नास कोटी डॉलरच्या आसपास ठरवलं गेलं. वर निपाणकरांना सांगितलेला तंबाखूचा आकडा बघा. एका वादळाने तंबाखूचा अख्खा हंगाम खाल्ला.

तेव्हा 'राज्यकर्ते नालायक' एवढंच म्हणून चालत नाही. कुठलाही घरमालक दर वर्षी छप्पर उडत असेल तर कर्जातच जाणार.

आणि २०२५ मध्ये अमेरिकेने मदत आखडली. एचआयव्हीच्या औषधांचा, कर्मचाऱ्यांच्या पगारांचा मोठा भार तिथून यायचा. माझ्याबरोबर काम केलेल्या तिघी परिचारिका आता घरी आहेत. त्यांचे पगार मलावीच्या अंदाजपत्रकात कधी नव्हतेच, त्यामुळे त्यांची नोकरी गेल्याची नोंदही त्यात कुठे दिसणार नाही.

तळेगावचा_वाचक

वादळ मान्य. पण वादळ काय खताच्या पैशातही शिरलं होतं? खतासाठी इंग्लंडच्या कुठल्याशा खाटिक कंपनीला आगाऊ पैसे दिल्याची बातमी मी वाचली आहे.

जुना_खोंड

खाटकाकडून खत? हाडांचं असेल हो.

लिंबेकर

बातमी खरी आहे. २०२२. पंचाहत्तर कोटी क्वाचा आगाऊ गेले, खत आलं नाही, कृषिमंत्र्याला जावं लागलं. इथल्या बाजारात त्यावरून इतके विनोद झाले की खाटकाच्या दुकानात जाऊन लोक युरिया मागायचे.

पण खताची गोष्ट मुळापासून सांगितली पाहिजे, नाहीतर नुसताच तमाशा दिसेल. इथे जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मका नाही म्हणजे जेवण नाही, मग शेजारी बटाट्याचा ढीग का असेना. २००१ मध्ये सरकारने राखीव मका जवळजवळ सगळा विकून टाकला. नाणेनिधीने साठा कमी करा असं सांगितलं होतं, 'सगळा विका' असं नव्हतं सांगितलं, यावरून पुढे बरीच वर्षं तू तू मैं मैं झाली. २००२ मध्ये दुष्काळ पडला, कोठारं रिकामी, शेकडो माणसं भुकेने गेली.

त्यानंतर बिंगु वा मुथारिका राष्ट्राध्यक्ष झाले. देणाऱ्यांचा विरोध पत्करून त्यांनी २००५ मध्ये खतावर भरघोस अनुदान दिलं. त्या वर्षी पाऊसही नीट झाला. मक्याचं उत्पादन सुमारे बारा लाख टनांवरून सत्तावीस लाखांवर, पुढच्या वर्षी चौतीस लाखांवर. माणूस देव झाला. आणि मग देवाने क्वाचाचा दर धरून ठेवला. २०११ मध्ये डॉलर संपले, पेट्रोलच्या रांगा लागल्या, ब्रिटिश उच्चायुक्ताला हाकललं, मदत थांबली, जुलैच्या मोर्च्यांत वीसच्या आसपास माणसं मेली. एप्रिल २०१२ मध्ये ते वारले. मागून आलेल्या जॉइस बांडा यांनी महिन्याभरात क्वाचा तिसऱ्या हिश्शाने उतरवला आणि पुढे सरकारी विमानही विकून टाकलं.

आता हेच पुन्हा वाचा, फक्त नावं बदलून. २०२० मध्ये चकवेरा राष्ट्राध्यक्ष झाले. सदतीस लाख कुटुंबांना स्वस्त खत, पन्नास किलोची गोणी ४,४९५ क्वाचाला. तेवढ्यात कोविड, युक्रेन, खताचे भाव आभाळाला. दर धरून ठेवला. रांगा लागल्या. मे २०२२ मध्ये २५ टक्के अवमूल्यन, नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत ४४ टक्के, ११८० चा डॉलर १७०० ला. लागलीच नाणेनिधीने साडेसतरा कोटी डॉलरचा कर्जाचा कार्यक्रम मंजूर केला, राष्ट्राध्यक्षांनी स्वतःचे आणि मंत्र्यांचे परदेश दौरे बंद केले. आणि मग? दर पुन्हा धरून ठेवला. अठरा महिन्यांत एकही आढावा पार पडला नाही, मे २०२५ मध्ये कार्यक्रम आपोआप बाद. मिळाले होते फक्त पहिल्या हप्त्याचे साडेतीन कोटी.

सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत लोकांनी चकवेरांना घरी बसवलं आणि बिंगुंचे धाकटे भाऊ पीटर मुथारिका, वय ८५, परत आणले. हेच ते, ज्यांची २०१९ ची निवडणूक निकालपत्रकांवर व्हाइटनर फासल्यामुळे कोर्टाने रद्द केली होती. पेट्रोलची रांग माणसाला किती विसरायला लावते बघा.

आकडेमोड

सुरेख मांडलंत. एकच शंका. दर धरून ठेवण्यात सरकारचा फायदा काय? मूर्खपणा म्हणून कुणी दोनदा तीच चूक करत नाही.

लिंबेकर

@आकडेमोड, हाच प्रश्न मला कुणीतरी विचारावा असं वाटत होतं.

दर सोडला की पेट्रोल, खत, औषध दुसऱ्या दिवशी महाग. शहरातला माणूस रस्त्यावर येतो. शिवाय परदेशी कर्जाचा क्वाचातला बोजा वाढतो. हे झालं उघड कारण. आतलं कारण, स्वस्त डॉलर वाटणं ही सत्ता आहे. कुणाला पेट्रोल आयातीचा परवाना, कुणाला खताचं कंत्राट, कुणाची एलसी (आयातीसाठी बँकेने दिलेली पैशांची हमी) आज उघडेल, कुणाची तीन महिन्यांनी. पगार वाढवायला पैसे लागतात, रांगेत पुढे घ्यायला काही लागत नाही.

आणि याची किंमत भरतो कोण? तंबाखू आणि तूर पिकवणारा. त्याच्या मालाचा डॉलर १,७५० ला धरला जातो. तो जे साबण, रॉकेल, सायकलची ट्यूब विकत घेतो त्यात डॉलर चार हजाराचा असतो. हा कर कुठल्याही अंदाजपत्रकात छापलेला नाही. पण मचिंगा जिल्ह्यातल्या तूर पिकवणाऱ्या बाईला विचारा, ती बरोबर सांगेल. गेल्या साली एक पोतं नांदोलो विकून साबणाचे किती खोके यायचे, यंदा किती.

आडत_गल्ली

मी लातूरचाच, मोंढ्यात आडत आहे. लिंबेकर, तुमचा माल मुंबईला उतरतो तो आमच्याकडे गिरणीत येतो. आफ्रिकेची तूर बारीक, पण डाळ बरी पडते. भाव मात्र आमच्या पोटावर.

कोरडवाहू

इतका वेळ गप्प होतो. यवतमाळ जिल्हा, आठ एकर, तूर आणि कपाशी. मलावीच्या शेतकऱ्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव ८,००० आणि बाजारात आम्हाला त्याच्या कितीतरी खाली मागतात, कारण बंदरात तुमची नांदोलो उतरते, तीही बिनशुल्क. २०१६-१७ मध्ये आम्ही बारदान नाही म्हणून केंद्रावर आठ-आठ दिवस ट्रॅक्टर उभे केलेत. तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

लिंबेकर

@कोरडवाहू भाऊ, तुमचा राग मला माझ्या घरातून रोज ऐकू येतो. थोरला भाऊ औशाला तूरच करतो. म्हणतो, "तू तिकडून पाठव, मी इकडे मरतो."

पण २०१७ ची दुसरी बाजू ऐका. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा दिल्लीने आफ्रिकेला सांगितलं, पेरा, आम्ही घेतो. मोझांबिकशी करारही केला. इथल्या लोकांनी पेरली. मग आपल्याकडे बंपर पीक आलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा. मलावीशी तेव्हा करार नव्हता. इथले जुने अडते सांगतात, भाव आदल्या वर्षीच्या निम्म्याच्याही खाली आला. मचिंगा, बलाका, चिराझुलू, या भागातल्या लोकांनी तूर जळणाला काढली, शेंगांसकट. त्यांच्याकडे हमीभाव नव्हता. म्हणजे सरकार हंगामाआधी किमान दर जाहीर करतं, पण त्या दराने घ्यायला धान्य मंडळाकडे, अडमार्ककडे, पैसेच नसतात.

२०२१ मध्ये मलावीशी करार झाला, वर्षाला पन्नास हजार टन, पाच वर्षं. २०२५-२६ हे त्याचं शेवटचं वर्ष.

प्राची_म

झोम्बाच्या बाजारात बायका ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून विकायच्या, पुडीत बांधून. मला हुरड्याच्या दिवसांतल्या सोल्यांची आठवण यायची. त्यांना मी सांगितलं की आमच्याकडे याचं रोज वरण होतं, तर एक जण म्हणाली, रोज? मग तुम्ही श्रीमंत आहात.

कोरडवाहू

लिंबेकर, वाईट वाटून घेऊ नका. राग तुमच्यावर नाही. एक सांगा, तिकडे तूर पेरतात कधी आणि काढतात कधी?

लिंबेकर

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस लागला की मक्यात आंतरपीक म्हणून टाकतात. काढणी जुलै ते सप्टेंबर.

कोरडवाहू

आणि आपल्याकडची शुल्कमुक्तीची मुदत?

लिंबेकर

२०२५ मध्ये जाहीर झाली ती ३१ मार्च २०२६.

आडत_गल्ली

म्हणजे पेरून चार महिने झाल्यावर कळणार की घेणार का नाही. आमच्याकडे निदान हमीभाव पेरणीच्या तोंडावर सांगतात, मिळो न मिळो.

लिंबेकर

हो. गेल्या आठवड्यात मचिंगाच्या बाजूला जाऊन आलो. पाऊस लागलाय, मक्याच्या ओळींत तूर टाकून झाली आहे. एका म्हाताऱ्याने विचारलं, "इंडिया यंदा घेणार ना?" मी म्हटलं, बघू. येताना गाडीत पेट्रोल नव्हतं, लिवोंडेला पंपावर पाच तास रांगेत होतो. माझ्या पुढे खताचे तीन रिकामे ट्रक उभे होते.

तळेगावचा_वाचक

वाचनखूण साठवली. एका शब्दातलं उत्तर मागे घेतो.

जुना_खोंड

निम्मं तरी राहू द्या हो, खाटिक आठवा.